पेठच्या स्टँडवर बसलेला लहानू

आम्ही लहानूला पेठच्या एसटी स्टँडवर बसवून आलो, असा ठपका आमच्यावर आला. तेव्हा लहानूला जाऊन चार पावसाळे झाले होते. ठपका ठेवणारा पाड्याचा भगत होता आणि तो चेष्टा करत नव्हता. त्याचं म्हणणं असं की माणूस जिथे पहिल्यांदा टेकवाल तिथे तो बसतो, आणि तुम्ही त्याला नळाशेजारी टेकवलात. आता तो तिथेच बसून राहणार. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत.

नाशिकहून पेठकडे फारसं कुणी हिंडायला जात नाही. गेलं तरी रस्त्यावरून गुजरातेत उतरतं. आत डोंगरात जायला आम्हाला लहानूचं निमित्त मिळालं. परत आल्यापासून कॉलनीत जो तो विचारतो, तिकडे काय पाहिलंत? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

एकलहरे

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात आहे. सत्तरच्या पुढच्या वर्षांत तिथे मजूर म्हणून डोंगरातले पुष्कळ लोक आले, त्यात लहानू होता. अंगाने काटक, बोलायला कमी, हसायला मात्र तयार. रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा उतरवून काळाठिक्कर झालेला हा माणूस संध्याकाळी आंघोळ करून खोलीबाहेर बसायचा आणि आढ्याला टांगलेली कामठी काढून तिला तेल लावायचा. कामठी म्हणजे बांबूचं धनुष्य. तिची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. तेल लावताना तो ती दोरी एका टोकाने सोडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "घरी आलो का सोडायची. रानात हाय तवर ताणलेली. घरात ताणलेली ठेवली तर घरात भांडणं होतात."

त्याचा नेम मी दोनदा पाहिला. त्यातला एक पाहिला असं म्हणता येत नाही, कारण त्याने बाण मारलाच नाही. निवृत्तीअण्णा म्हणजे माझ्याच पाळीतला सोबती, मखमलाबादकडचा माळी, ड्युटी संपली की झेंडूच्या मळ्यात. एका रविवारी त्याने मळ्यातल्या बांधावर लिंबू ठेवलं आणि म्हणाला, "उडव बरं, लय ऐकलंय तुझं." लहानूने लिंबाकडे पाहिलं आणि विचारलं, "खायचं हाय का?" अण्णा म्हणाला, नाही. "मग त्याला कशाला मारू?" म्हणत त्याने लिंबू उचलून खिशात टाकलं आणि जेवताना भातावर पिळलं. अण्णा आजही ही गोष्ट सांगताना स्वतःवरच हसतो.

दुसरी वेळ आमच्या कॉलनीतल्या जयंतीची. निळ्या पताकांची दोरी चाळीवरून पाण्याच्या टाकीपलीकडे न्यायची होती आणि टाकीची शिडी मोडलेली. पोरं दगडाला सुतळी बांधून फेकत होती, दगड परत आमच्याच डोक्यावर येत होते. लहानू कामठी घेऊन आला. बाणाला सुतळी बांधली, थोडा मागे सरला आणि सोडला. बाण टाकीवरून पलीकडे मैदानात, त्याच्यामागे सुतळी. वाजवलेल्या टाळ्या त्याने ऐकल्याच नाहीत, तो बाण शोधायला गेला होता. आमच्या मिरवणुकीशी त्याचा काही संबंध नव्हता. दोरी पलीकडे जायला हवी होती, ती त्याने नेली.

असा माणूस एका सुट्टीत घरी गेला, सकाळी एकटाच रानात शिरला आणि परत आला नाही. काही दिवसांनी ओढ्याकाठच्या एका कातळावर सापडला. अंगावर जखम नाही, साप चावल्याची खूण नाही, भात्यातले बाण सगळे जागच्या जागी. पोलिसांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. पाड्यात कुणी भूत म्हटलं, कुणी करणी म्हटली. काय झालं ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

आणि तिथेच त्याच्या घराचा गाडा अडला. त्यांच्या पाड्यात मेलेल्या माणसाचा दगड बसवतात. वर माणूस कोरायचा आणि खाली त्याचं मरण. झाडावरून पडला तर झाड, वाघाने नेला तर वाघ, म्हातारा होऊन गेला तर खाट. लहानूच्या दगडावर खाली काय कोरायचं? तिथला दगड घडवणारा हात लावीना. दगड बसत नाही तोवर घरात मांडव घालता येत नाही, आणि लहानूची मुलगी सकू लग्नाची झालेली. मुलाकडच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. यंदा होळीपर्यंत दगड बसला तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हा लहानूच्या बायकोने, पवळीबाईने, भावाबरोबर आम्हाला निरोप धाडला: तुमच्याकडचा पाथरवट असं काही विचारत नसेल, तर तिकडून घडवून आणा.

मी म्हटलं, आणतो. एकदा आणतो म्हटलं की मी आणतो, हा माझा स्वभाव घरच्यांना पुरेपूर माहीत आहे. तरी बायको म्हणालीच, "दीक्षा घेतलेल्या घरातला माणूस शेंदराचा दगड वाहणार?" मी सांगितलं, देव नाही वाहत, सोबती वाहतो. तिने दशम्या करून दिल्या.

पंचवटीत पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका पाथरवटाने काळ्या दगडावर धनुष्य ताणलेला माणूस छान कोरला. खाली काय काढू, त्यानेही विचारलंच. मी म्हटलं, खाली मोकळं ठेव.

पेठ

होळी दोन दिवसांवर होती. मी, अण्णा, गोणपाटात गुंडाळलेला दगड आणि झेंडूची एक पाटी, असे आम्ही पेठच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका. अण्णा म्हणाला, "सामान नाय, आमचा माणूस हाय." कंडक्टरने गोणपाट जरा उघडून पाहिलं आणि पुढच्या सीटकडे वळला. पूर्ण प्रवासभर दगड आळीपाळीने आमच्या मांडीवर होता. घाट चढताना पळस असा पेटला होता की अण्णासारखा फुलांचा व्यापारीही बघत राहिला. "ह्याला बाजारात कोण विचारत नाय," तो म्हणाला, "म्हणून बरा टिकलाय."

पेठला उतरलो तेव्हा मांड्या बधिर झाल्या होत्या. स्टँडवर नळाशेजारी भिंतीला दगड टेकवला, तोंडं धुतली, चहा प्यालो, भजी खाल्ली. मग लाकडाच्या ठेकेदाराची जीप त्या बाजूला जात होती, तिच्यात बसलो. या सगळ्यात काही चुकलं असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

पाडा

जीपने सोडलं तिथून उतारावर पाडा दिसत होता. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं आणि मध्ये मोहाचं मोठं झाड. खाली फुलांचा सडा पडलेला आणि बायका तो वेचत होत्या. आमच्याकडे पाहुणा आला की आधी बसा म्हणतात, मग पाणी विचारतात. इथे आधी पाय धुवायला पाणी दिलं, पाय धुऊन होईपर्यंत कुणी नावसुद्धा विचारलं नाही. चांगली रीत आहे. दमलेल्या माणसाची चौकशी तोंडापेक्षा पायाने सुरू करावी.

पवळीबाई पुढे आली. उंच, वाळलेली, नजर सरळ. मी दगड अंगणात ठेवायला वाकलो तर दोन माणसं अक्षरशः धावत आली, माझ्या हातातून तो काढून घेतला आणि मोहाच्या फांद्यांच्या बेचक्यात नेऊन ठेवला. मला वाटलं, केवढा मान.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी. नागलीची भाकरी पहिल्यांदा खाताना घशात अडते आणि दुसऱ्या घासानंतर सोडवत नाही. अण्णा तिसरी मागत होता तेवढ्यात भगत आला. म्हातारा, कमरेला पंचा, खाकी जुना शर्ट. तो दगडाभोवती फिरला, कोरलेला माणूस पाहून मान हलवली. "लहानूच आहा," म्हणाला. मग आमच्यासमोर उकिडवा बसला.

"वाटंला कठं टेकवला का ह्याला?"

"गाडीत मांडीवर होता," मी म्हटलं.

"गाडीचं नाय विचारत. गाडीला चाक आहा, ती जमीन नाय. जमिनीवर टेकवला का?"

मी सहज सांगितलं. पेठच्या स्टँडवर, चहा घेताना, नळाशेजारी.

मोह वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले. पवळीबाईने तोंडावर पदर धरला. भगताने तो निकाल दिला, जो मी सुरुवातीला सांगितला. घडवलेला दगड वाटेला लागल्यावर पहिल्यांदा जिथे भुईला लागेल तिथे माणूस बसतो. लहानू स्टँडवर बसला. हा झाडावर ठेवलाय तो नुसता दगड.

अण्णा हळूच म्हणाला, "रावणाचं लिंग गोकर्णात बसलं तशातली गत झाली म्हना." त्याला ते लगेच पटलं होतं. माझं मात्र डोकं फिरलं. मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतं. निरोपात एक शब्द जास्त गेला असता तर काय बिघडलं असतं?

पवळीबाई पदर बाजूला करून म्हणाली, "भाऊ, तान्हं पोर रस्त्यावर टाकून चहा पिऊ नका, असं कोनी कोनाला सांगतं का?"

तिच्या मागे दाराशी सकू उभी होती. आमच्यासाठी आणलेलं ताकाचं भांडं तिच्या हातात तसंच होतं आणि डोळे भरले होते. मला भुताखेतांचं काही वाटत नाही, पण त्या मुलीचं लग्न माझ्या चहापायी मोडणार, हे मला सहन होईना.

"उपाय सांगा," मी भगताला म्हटलं. "तुमच्या रीतीत चूक आहे तर तुमच्याच रीतीत उपाय असेल."

होता. घरच्या माणसाने दगड घेऊन जायचं, त्याला तिथून उठवायचं आणि दगड भुईला न टेकवता सूर्य बुडायच्या आत पाड्यात आणायचं. आणि चालत. "बसलेला माणूस उठवला का चालवत आनायचा," भगत म्हणाला. "गाडीत घालून आजारी माणसाला आनत्यात. लहानू आजारी नव्हता."

"उद्या जाऊ," पवळीबाई म्हणाली. इतकं शांतपणे, की जणू बाजारालाच जायचं होतं. मग माझ्याकडे वळली. "तुमी नाय आले तरी चालंल. तुमाला असलं पटत नाय, ते माना मानूस सांगायचा मला." माना म्हणजे माझा.

"पटत नाही," मी म्हटलं, "पण येणार."

पुन्हा स्टँडवर

सकाळी त्याच जीपने दगड मांडीवर घेऊन पेठला आलो. होळीचा आदला दिवस, स्टँड माणसांनी भरलेला. नळाशेजारी आमच्या जागेवर एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती. पवळीबाई तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. बाईने पाटी उचलली आणि ती दूर जाऊन उभी राहिली, तीही हात जोडून. हळूहळू भोवती गोल मोकळा झाला. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. कंट्रोलरने खिडकीतून डोकं काढलं, काय चाललंय विचारलं आणि कुणीतरी सांगितल्यावर सुरगाण्याची गाडी पुकारायची थांबवली.

पवळीबाईने भिंतीशी तांदूळ टाकले. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. "सकूच्या बापा, ऊठ," ती म्हणाली. "हिथं तुझं काय काम नाय. पोरीचा मांडव आहा. चल घरी." आवाजात रडं नव्हतं, रागावणं होतं. रात्र झाली तरी पारावर गप्पा मारत बसलेल्या नवऱ्याला बोलवायला यावं तसं. थोडा वेळ ती थांबली. मग तिने मान हलवली आणि आम्हाला म्हणाली, "उठला. चला."

मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना नळ, भिंत आणि तांदूळ दिसत होते. पण चला म्हटल्यावर मी निघालो, आणि निघताना भिंतीजवळची जागा थोडी सोडून वळलो, एवढं खरं.

वाट

बांबूला गोणपाटाची झोळी करून दगड मध्ये टांगला. पुढे मी, मागे अण्णा, शेजारून पवळीबाई. सडकेने लांब पडलं असतं म्हणून तिने डोंगरातली पायवाट धरली. एकलहऱ्याला आम्ही कोळशाच्या पाट्या वाहिलेली माणसं, त्यामुळे वजनाचा बाऊ नव्हता. पण पाटी दमल्यावर खाली ठेवता येते. न ठेवता येणारं ओझं पहिल्या टेकडीवरच दुप्पट होतं.

विसावा फक्त झाडावर. फांद्यांचं बेचकं शोधायचं, दोघांनी दगड वर सरकवायचा आणि एकाने हात लावून उभं राहायचं. पवळीबाई म्हणाली, "झाडावर त्याला बरं वाटंल. आख्खी आख्खी सकाळ वर बसून राहायचा. खाली मी हाका मारून दमायची."

"मग खाली येऊन काय म्हणायचा?" अण्णाने विचारलं.

"म्हनायचा, तू हाका मारल्या म्हनून ससा पळाला. ससा नव्हताच, मला माहीत आहा."

दुपार चढली. डोंगर उघडे, गवत पिवळं, मध्येच एखादा पांगारा लाल. दशम्या चालता चालताच खाल्ल्या. एका ओढ्यात दगडगोट्यांवरून उतरताना अण्णाच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो घसरला. बांबू खांद्यावरून सुटला. अण्णाने काय केलं कोण जाणे, पण पाणी उडायचं थांबलं तेव्हा तो ओढ्यात कमरेपर्यंत बसला होता आणि दगड त्याच्या मांडीवर, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"मी बसलो," अण्णा म्हणाला. "तो नाय बसला."

पवळीबाई आधी दगडाकडे आणि मग अण्णाकडे बघून हसली. चार वर्षांत ती हसली नसावी, असं तिच्या हसण्यावरून वाटलं. अण्णाचा गुडघा मात्र सुजला. तो लंगडत चालला आणि मागचा खांदा पवळीबाईने घेतला. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "माना आहा." पुढे मी वाद घातला नाही.

खिंडीखाली जंगल खात्याचा गार्ड सायकल ढकलत येताना भेटला. टोपी मागे सरकवलेली, गोरेला, नगरकडचा माणूस. पवळीबाईला पाहून तो थबकला. तिने मला आधीच सांगितलं होतं की याच गार्डने एकदा लहानूची कामठी जप्त केली होती. शिकारीला बंदी आली होती आणि लहानू तरी जायचा. आता हा काही आडवा आला तर, म्हणून मी खांदा घट्ट केला.

गार्डने विचारलं, "लहानू आहे का?"

"आहा," ती म्हणाली.

त्याने सायकल झाडाला टेकवली, कुलूप लावलं, बूट काढून हँडलला अडकवले आणि तिच्या खांद्यावरून बांबू घेतला. पाड्यापर्यंत त्याने तो सोडला नाही. खिंड चढताना ऊन समोरच्या डोंगराकडे झुकत चाललं होतं. मागून त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि मी थांबलो की तो थांबायचा. सूर्य डोंगराच्या हातभर वर असताना आम्हाला मोहाचं झाड दिसलं. पाड्यातली सगळी माणसं वेशीवर उभी होती, ताशे आणि फुंकून वाजवायची पावरी घेऊन. पण कुणीही पुढे येऊन ओझं घेतलं नाही. शेवटचं पाऊल आणणाऱ्याने टाकायचं असतं.

बसवणी

पाड्याबाहेर जुन्या दगडांची ओळ आहे. खाटा, झाडं, एक वाघ, एक पुराचं पाणी. शेवटी लहानूसाठी खड्डा खणून ठेवला होता. दगड गार्डने आणि मी खड्ड्यात उतरवला आणि पहिल्यांदा हात मोकळे झाले, तेव्हा ते आपोआप वर उचलले गेले, वजनाच्या सवयीने.

मग सांगणं सुरू झालं. ही त्यांची रीत मला सगळ्यांत आवडली. माणूस बसवताना प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची, आणि ती फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. ऐकीव नाही. कुणी ऐकीव सुरू केलं की भगत हात वर करतो आणि माणूस गप्प बसतो. आमच्याकडच्या शोकसभांना असा एक भगत दिला तर त्या लवकर आटोपतील.

एका म्हाताऱ्याने लहानपणीचा लहानू सांगितला, एका बाईने त्याने ओढ्याच्या पुरातून काढलेलं करडू. अण्णाने लिंबू सांगितलं. मी टाकीवरून नेलेली सुतळी सांगितली. टाकी किती उंच होती ते दाखवायला मी मोहाच्या झाडाकडे हात केला, आणि झाडापेक्षा टाकी उंच हे कळल्यावर लोकांमध्ये जी कुजबुज झाली, तिचा मला अभिमान वाटला. सकूने काहीच मोठं सांगितलं नाही. बाप तिची वेणी घालायचा आणि नेहमी वाकडी घालायचा, एवढंच.

शेवटी भगताने विचारलं, "मरण कोनी पाह्यलं?"

चार वर्षं पाड्यात भूत म्हणणारे होते, करणी म्हणणारे होते, पण पाहिलेलं सांगायची वेळ आल्यावर त्यांच्यातला एकही उठला नाही. मग गार्ड उठला.

"मरण नाही पाहिलं," तो म्हणाला. "मी त्याला सापडल्यावर पाहिलं. तेवढं सांगतो. कातळावर कुशीवर झोपलेला होता. पाय धुतलेले होते. तळव्याला माती नव्हती. कामठी शेजारी ठेवलेली आणि तिची दोरी एका टोकाने सोडलेली. हे मी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी ते लिहिलं नाही."

मी पवळीबाईकडे पाहिलं. घरी आल्यावर दोरी सोडायची, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. घरापासून इतक्या दूर, भर रानात, पाय धुऊन त्याने दोरी का सोडली? कुणाच्या घरी आल्यासारखं त्याला वाटलं? मला उत्तर मिळालं नाही आणि मिळणार नाही. भगतही काही बोलला नाही, कारण त्याने पाहिलं नव्हतं.

पवळीबाई पुढे झाली. "मी जाताना पाह्यला," ती म्हणाली. "सकाळी. कामठी खांद्याला होती. वळून पाह्यलं नाय. कवाच वळून पाहायचा नाय. तेवढंच मी पाह्यलं."

भगताने शेंदूर कालवला. धनुष्य ताणलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत माखलं आणि खालच्या मोकळ्या जागेपाशी त्याचा हात थांबला. पवळीबाईने नुसती नकाराची मान हलवली. ती जागा त्याने काळी कोरीच राहू दिली. मग सगळे वाकले. मी हात जोडले नाहीत, ताठ उभा राहिलो, आणि माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मी रडत होतो, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी होळी पेटली आणि तिच्या उजेडात मुलाकडच्यांनी सकूच्या मांडवाची तिथी धरली. त्या रात्री नाचताना गार्डच्या पायात बूट नव्हते, ते अजून खिंडीखाली सायकलला लटकत होते.

परतीची गाडी

निघताना पवळीबाईने अण्णाला नागलीचं पीठ बांधून दिलं आणि मला लहानूचा एक बाण. टोक काढून घेतलेलं. तुमच्या टाकीवरून आता कोन नेतं दोरी, तिने विचारलं. मी म्हटलं, शिडी दुरुस्त केली. ती म्हणाली, बरं झालं.

पेठच्या स्टँडवर पुन्हा तीच गर्दी. नाशिकची गाडी यायला अवकाश होता. अण्णा गुडघा धरून बाकावर टेकला आणि मी नळावर गेलो. भिंतीशी तांदळाचे दोन-चार दाणे अजून होते. तेवढ्यात एका प्रवाशाने आपली ट्रंक त्याच जागी आणून आपटली आणि तिच्यावर बूड टेकलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पाड्यात ताठ उभा राहिलो होतो. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा पलीकडे सरका हो. इथे आमचा माणूस बसला होता."

त्याने वर पाहिलं, ट्रंक सरकवली आणि म्हणाला, "गेला का तो?"

"हो," मी म्हटलं. "घरी पोचला."